पावती कुणाच्या नावावर फाटते?

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही आठवडे आपल्या वाचकपत्रांत पाप-पुण्याचा वाद रंगला आहे. पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवणारा पापी, गुळात पावडर टाकणारा पापी, पंचगंगेत सांडपाणी सोडणारे तर महापापी, हा एक सूर. पाप-बीप काही नसते, ज्याला जे परवडते ते तो करतो, हा दुसरा. पहिल्या सुरात राग आहे, दुसऱ्यात बेफिकिरी आहे, हिशेब मात्र दोन्हींत नाही. माती, पाणी आणि निचरा यांच्याशी रोजचा संबंध असणाऱ्यांना तो मांडता येतो, म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे. काटछाट करायची झाली तर आकडे ठेवावेत आणि मते कापावीत.

एखाद्या कृत्याला पाप म्हटले की ते चित्रगुप्ताच्या वहीत जाते. ती वही मेल्याशिवाय कुणाला दिसत नाही, आणि वसुलीआधी सवलतींची सोय आहे: प्रयाग चिखलीच्या संगमावर एक बुडी, एखादा उपवास, अन्नदान, देवळाच्या जीर्णोद्धाराची देणगी. करणारा आणि देव अशा दोघांतच व्यवहार मिटतो. ज्याचे नुकसान झाले तो या व्यवहारात कुठेच नसतो. आमच्या मते खरी अडचण ही आहे. तेच कृत्य निवड म्हणून पाहिले की विचारायचे प्रश्न बदलतात. निवड कुणी केली, त्याला त्यातून काय मिळाले, किंमत कोण मोजणार आणि कधी? हे काही परकीय खूळ नाही. चोरीच्या प्रायश्चित्तात धर्मशास्त्रानेही आधी माल मालकाला परत करायला सांगितले आहे, मग कृच्छ्र, म्हणजे कडक व्रत. आपण मागचा भाग तेवढा ध्यानात ठेवला, तोही सोयीपुरता.

वाल्या कोळ्याची गोष्ट खरे तर याच हिशेबाची आहे. पापात वाटेकरी आहात का, असे त्याने घरी जाऊन विचारले, तेव्हा घरच्यांनी हात वर केले. लाभात वाटा, तोट्यात नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले आजचे व्यवहार याच्या नेमके उलटे चालतात. लाभात ज्याचा छदामाचा वाटा नव्हता, त्याच्या दारात तोटा न विचारता येऊन पडतो. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनी हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. आणि त्याला पाप कुणीच म्हणत नाही! उसाला भरपूर पाणी पाजणे हे आपल्याकडे कष्टाळूपणाचे लक्षण मानतात.

नदीचे पाणी गोडे असले तरी त्यात विरघळलेले क्षार असतातच. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम धरू. पिण्यासाठी असे पाणी चांगलेच ठरते. उसाला वर्षभरात २,००० मिलिमीटर पाणी दिले, म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर, तर त्याबरोबर ६ टन क्षार शेतात येतात. एकरी हिशेबाने २,४०० किलो. पन्नास किलोची ४८ पोती, दर वर्षी. ऊस पाणी ओढून घेतो आणि हवेत सोडतो, क्षारांतला फार थोडा भाग उचलतो. उरलेला मातीत राहतो. पावसाळ्यात त्यातला काही खाली झिरपतो, पण खाली वाट असेल तरच. भारी काळ्या रानात ती वाट नसते. पाण्याची पातळी चढत जमिनीखाली मीटर-दीड मीटरवर आली, की उन्हाळ्यात तेच खारे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, पृष्ठभागावर उडून जाते आणि क्षार मागे ठेवते.

नुकसानीची लक्षणे एका क्रमाने येतात. आधी लागणीची उगवण ठिकठिकाणी तुटक होते. मग खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून वाढणाऱ्या पिकाला, फुटवे कमी येतात. पाने टोकाकडून करपतात, आणि हे पालाशाच्या (पोटॅशच्या) कमतरतेसारखे दिसत असल्याने शेतकरी आणखी खत टाकतो, म्हणजे आणखी क्षार. सरीच्या माथ्यावर पांढरी पूड दिसते ती सर्वांत शेवटी. मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून ओढून काढलेल्या पाण्याची, विद्युतवाहकता (क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) मीटरला १.७ डेसिसायमनपर्यंत असली तर उसाला काही होत नाही. त्यापुढे प्रत्येक एककाला उत्पादन साधारण ६ टक्क्यांनी घटते. ५ च्या आसपास पोचली की पाचवा हिस्सा गेला. एकरी ५० टनांचे ४० झाले आणि टनाला ३,००० रुपये धरले, तर एकरी ३०,००० रुपये वर्षाला. कुणी पावती फाडत नाही म्हणून ते दिसत नाहीत, इतकेच.

ही किंमत मोजतो कोण? पाणी उतार बघते, सातबारा बघत नाही. उंचावरच्या रानात मोकाट पाणी सुटले की ते जमिनीखालून सरकत ओढ्याकाठच्या खोलगट रानात जाऊन उगवते. वरच्याचा ऊस हिरवागार राहतो, खालच्याची जमीन चोपण होते. दोघांची भेट झाली तर वरचा सांगतो, तुझी जमीनच हलकी. वरच्याला दोष द्यावा, तर त्याच्याही बाजूने गणित सरळ आहे. पाणीपुरवठा संस्थेची आकारणी एकरावर असते, पाण्याच्या मापावर नाही. पाळी पंधरा-वीस दिवसांनी येणार, म्हणून आलेल्या पाळीला सरी तुडुंब भरून घ्यायची. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल २०२४ पासून सरकार भरते. पाणी वेळेत बंद करायला त्याच्याकडे काही कारणच उरलेले नाही. त्याला पापी म्हणून काय मिळणार?

कर्मविचारात संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग सांगतात. क्षारांच्या बाबतीत ही वाटणी शब्दशः लागू पडते. दोन-तीन पिढ्यांचे साठलेले क्षार मातीच्या खालच्या थरांत आहेत, त्यांतले काही आज वर येऊन पीक मारत आहेत, आणि या पाळीचे नवे येत आहेत. आज ठिबक बसवले तर फक्त तिसरा भाग कमी होतो. पहिल्या दोन भागांसाठी जमिनीखाली वाट काढून द्यावी लागते. कितीही पश्चात्ताप झाला तरी त्याने क्षार धुतले जात नाहीत.

ती वाट म्हणजे सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा. ८० मिलिमीटर व्यासाचे वलयांकित, भोके असलेले पाइप मीटर ते दीड मीटर खोल, शंभर मीटरला १० ते २० सेंटिमीटर उतार ठेवून टाकायचे. दोन ओळींतले अंतर मातीच्या प्रकारानुसार बदलते. ३० मीटर धरले तर एकराला सुमारे १३५ मीटर पाइप लागतो. पाइपाभोवती कृत्रिम धाग्याचे कापड किंवा वाळू-खडीचे गाळण हवेच. या ओळी मोठ्या मुख्य पाइपाला जोडायच्या आणि मुख्य पाइप ओढ्यात काढायचा. जमीन चोपण असेल, म्हणजे सोडियमचे प्रमाण जास्त असेल, तर माती परीक्षणाने येईल तेवढे जिप्सम मिसळायचे, मग भरपूर पाणी देऊन धुवून काढायचे. त्यानंतर ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमाराला गाडायचा.

बिघडते ते बहुतेक वेळा ठरावीक जागी. गाळण वाचवले तर दोन पावसाळ्यांत पाइप गाळाने बुजतो. उतार नजरेने काढला तर मध्येच पोट पडते आणि पाणी तिथे थांबते; लेव्हल यंत्र लावल्याशिवाय चर खोदूच नये. मुख्य पाइपाचे तोंड ओढ्याच्या पाण्याखाली राहिले तर निचरा उलटा चालतो, आणि महापुराच्या पट्ट्यात हे दर पावसाळ्यात घडते. म्हणून तोंडावर झडप हवी, किंवा विहिरीत पाणी घेऊन पंपाने उपसायची सोय हवी. निचरा न करता नुसते जिप्सम टाकणे हा तर सर्वांत महागडा भ्रम आहे. कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावतो खरा, पण सोडियमला बाहेर जायला दारच नसेल तर तो तिथेच फिरत राहतो.

हे काम एकट्याने होत नाही, कारण ओढा आणि आपले रान यांच्या मध्ये चार जणांच्या जमिनी असतात. एकाने पाइप जाऊ द्यायला नकार दिला की वरचे पन्नास एकर अडकतात. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने सभासदांचे गट करून निचऱ्याची कामे हाती घेतली, त्यामागचे कारण हेच. आणि एवढे करूनही हिशेब पुरा मिटत नाही. निचऱ्याचे खारे पाणी ओढ्यातून नदीला जाते, खालच्या गावाच्या पाण्यात क्षार थोडे वाढतात. किंमत नाहीशी झालेली नसते, ती पातळ होऊन पुढे सरकते. पुण्य केले असे समजून इथे थांबणाऱ्याला हे दिसणार नाही.

आता पाचटाकडे. इथे आम्हांला वाचकपत्रांतल्या रागाशी सहमत होता येत नाही. पाचट जाळणे हा तोटा आहेच, पण तो शेतकऱ्याला का दिसत नाही हे समजून घ्या. एकरी तीन ते चार टन पाचट निघते. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे एकरी १५ ते २० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात जवळपास २१ किलो नत्र असते आणि ते पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणजे जाळून गेलेल्या नत्राची बाजारातली किंमत जेमतेम एक पोते. पालाशाचा बराच भाग राखेत उरतो. मग काडी ओढायला शेतकरी का कचरेल? अनुदानित युरियाने या निवडीची किंमत पुसून टाकली आहे.

पुसून न जाणारा भाग कर्बाचा. पाचटात ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो, म्हणजे एकरी टन-सव्वा टन किंवा जास्तच. तो पोत्यात भरून कोणत्याही दुकानात मिळत नाही. जमीन पाणी धरते, भुसभुशीत राहते, टाकलेले खत मुळाशी थांबते, ते या कर्बावर. त्याचा तोटा पाच-दहा वर्षांनी, खताची मात्रा वाढवूनही उतारा वाढेना अशा रूपात येतो, आणि तोवर काडी कुणी ओढली होती हे कुणाला आठवत नाही.

ठेवायचे तर पद्धत सोपी आहे, पण एकही पायरी गाळून चालत नाही. ऊस गेल्यावर बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटायचे, म्हणजे कोंब जमिनीखालून फुटतात. कापावर बुरशीनाशकाची फवारणी करायची. पाचट सरीत सारखे पसरायचे, वरंब्यावर बुडखे उघडे ठेवायचे. मग एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळलेले ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू त्यावर फेकून पाणी द्यायचे. युरिया चुकवला की बोंब होते. पाचटात कर्ब फार आणि नत्र कमी, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू आपल्या पोटापाण्याचे नत्र जमिनीतून उचलतात आणि खोडवा सुरुवातीचे आठवडे पिवळा पडतो. 'पाचट ठेवले आणि खोडवा बसला' ही तक्रार जवळजवळ नेहमी या ३२ किलोंची असते. शेजाऱ्याचा पिवळा खोडवा पाहून आणखी दहा जण काडी ओढतात.

उभा ऊस पेटवून तोडणे ही वेगळी निवड, आणि ती बरेचदा मालकाची नसतेही. तोडणी टोळीला मजुरी टनावर मिळते. पाला काढण्यात वेळ जातो, टनेज पडत नाही, पाने हातपाय कापतात. हंगामाच्या शेवटी टोळ्या कमी पडू लागल्या की एन्ट्री, खुशाली अशा नावांनी वरकड पैशांची मागणी आणि शेवटी आगपेटी. जळका ऊस लवकर आंबतो: साखरेचे विघटन होते, कापलेल्या तोंडातून जंतू शिरून चिकट डेक्स्ट्रान तयार होते, वजनही घटते. चोवीस तासांत गाळप झाले नाही तर मालकाचे आणि कारखान्याचेही नुकसान, शिवाय जळीत म्हणून बिलात कपात. टोळीला पाला काढण्याचा वेगळा दर दिला तर हा प्रकार बराच थांबेल. तो दर कुणी द्यायचा यावर कारखाने आणि शेतकरी एकमेकांकडे बोट दाखवतात. दोघेही बीडहून तोडणीला आलेल्या बाईच्या कापलेल्या हातांचा खर्च धरत नाहीत.

गुळाचे थोडक्यात सांगतो. काहिलीतल्या रसाला चुन्याची निवळी देऊन आंबटपणा मोडायचा, भेंडीचा रस घालून मळी वर काढायची, ११८ अंशांच्या आसपास पाक उतरवायचा, ही चांगल्या गुळाची रीत. मळी काढायला माणूस आणि वेळ लागतो. त्याऐवजी सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे ज्याला गुऱ्हाळावर हायड्रोस पावडर म्हणतात ती, टाकली की गूळ क्षणात पिवळाधमक होतो. कायद्याने गुळात सल्फर डायऑक्साइडचा अंश किलोमागे ७० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. पावडर टाकणारा हात चिमटीने टाकतो, काट्यावर मोजून नाही, त्यामुळे मर्यादा पाळली गेली की नाही हे त्यालाही ठाऊक नसते. असा गूळ साठवणीत काळवंडतो आणि दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो. पण सौद्यात पिवळ्या रव्याला (गुळाच्या ढेपेला) चढा दर मिळतो आणि तपकिरी गूळ मागे पडतो. कोल्हापुरातली शाहूपुरीची पेठ १८९५ मध्ये वसली ती गुळाच्या नावलौकिकावर. आज पिवळ्या रंगाला पैसे मोजणारे गिऱ्हाईक, म्हणजे आपण सगळेच, त्या चिमटीत भागीदार आहोत. 'सेंद्रिय गूळ आहे ना?' असे विचारून सगळ्यांत पिवळी ढेप उचलणाऱ्यांना काय म्हणावे!

पंचगंगेबद्दल भावना पुष्कळ लिहून झाल्या, म्हणून फक्त एक गणित. स्नानायोग्य पाण्यात जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा, असे मानक आहे. कच्च्या सांडपाण्याची मागणी साधारण २०० असते. नदीच्या स्वच्छ पाण्याची १ धरली, तर एक लिटर सांडपाणी पचवायला सुमारे शंभर लिटर वाहते पाणी लागते. पावसाळ्यात ते असते. बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की नदीचे तळ्यांच्या माळेत रूपांतर होते. पाणी हलत नाही, हवेतला ऑक्सिजन मिसळत नाही. कोल्हापूर शहरातल्या जयंती नाल्याचे सांडपाणी अडवून कसबा बावड्याच्या ७६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रात नेण्याची व्यवस्था आहे, पण उपसा पंप बंद पडला की नाला बांध ओलांडून थेट नदीत. त्या दिवशी शहरात कुणीच पाप केलेले नसते. लाखो लोकांनी फक्त नेहमीप्रमाणे संडासात पाणी ओतलेले असते.

किंमत मात्र खाली मोजली जाते. तेरवाडजवळ मासे मरतात. खालच्या गावाच्या जलशुद्धीकरणात तुरटी जास्त लागते. सांडपाण्यातला अमोनिया क्लोरीन खातो, एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्रामागे आठ ते दहा मिलिग्रॅम, आणि नळाला उरायला हवे ते लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. दूषित पाण्याचे बिल असे अंथरुणावर वसूल होते. ज्यांच्याकडून वसूल झाले त्यांनी संगमावर पुरेशा बुड्या मारल्या नव्हत्या, असे तर कुणी म्हणणार नाही ना?

पूररेषेतल्या भरावाचेही असेच. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एका गुंठ्यावर एक मीटर मुरूम टाकला की सुमारे एक लाख लिटर पाण्याची जागा गेली, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. हे पाणी कुणाच्या तरी घरात शिरणार. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले, २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. सगळा दोष भरावांचा नाही, पाऊसही तसाच होता आणि महामार्गाच्या उंच भरावाने वाहणारे पाणी अडते तो भाग मोठा आहे. पण दहा गुंठ्यांवर भराव टाकणाऱ्याचा फायदा त्याच्या खरेदीखतात लिहिलेला असतो आणि शंभर टँकरांचा पत्ता कुठेच लिहिलेला नसतो.

या विचारावर एक रास्त आक्षेप येईल. सगळ्याला किंमत लावली तर ज्याच्याकडे पैसा आहे तो किंमत भरून खुशाल करत राहील. हे खरे आहे, आणि घडतेही आहे. प्रदूषणाचा दंड शुद्धीकरणाच्या खर्चापेक्षा कमी असला की दंड हा परवाना होतो. म्हणून किंमत म्हणजे केवळ रुपये असे आम्ही म्हणत नाही. जिथे नुकसान परत भरून येत नाही, किंवा ते सोसणाऱ्याला विचारलेलेच नाही, तिथे पैसे भरून सुटका नसावी. दंडाची रक्कम ठरवताना वाचलेल्या खर्चापेक्षा ती जास्त हवी, आणि ती शासनाच्या तिजोरीत न जाता नुकसान सोसणाऱ्या गावाच्या पाणी योजनेत जायला हवी.

कोल्हापूरला हे नवीन नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला पापी ठरवले नाही, महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी तो रुपया बोचणारा होता. आणि शिक्षण मोफत ठेवले. दंडाबरोबर योग्य निवड सोपी केली, हा त्यातला महत्त्वाचा भाग आपण विसरतो. पाचट जाळण्याला दंड आणि पाचट कुट्टी यंत्राचा गावात पत्ता नाही, ही सध्याची रीत त्याच्या उलट आहे.

उलट बाजूने, हा हिशेब लावला की पापांची यादी बरीच आटोपशीरही होते. श्रावणात मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ओरपल्याने शेजाऱ्याचे काही जात नाही. गेलेच तर खाणाऱ्याचे पोट आणि खिसा. पाळीतल्या बाईने लोणच्याला हात लावला तर लोणचे नासत नाही. ते नासते ओल्या चमच्याने आणि कमी मिठाने. याच शहरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलातला चहा एके काळी विटाळ होता. तो पिणाऱ्याचे काही बिघडत नव्हते, न पिणारे मात्र एका माणसाची रोजीरोटी बुडवत होते. शाहू महाराज स्वतः तिथे चहा प्यायले आणि पाप कोणत्या बाजूला आहे ते लोकांना दिसले. आपण आजही नको त्या याद्या पाठ करतो आणि ४८ पोत्यांचे नाव काढत नाही.

शिरोळ-हातकणंगलेच्या वाचकांसाठी एक कामाची गोष्ट सांगून थांबतो. क्षारांसाठी मातीचा नमुना वळवापूर्वी, एप्रिल-मेमध्ये घ्यावा. पावसानंतर वरचे क्षार खाली गेलेले असतात आणि अहवाल फसवा येतो. एकाच जागी ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर असे तीन थर वेगवेगळ्या पिशव्यांत घ्यावेत, खताच्या रिकाम्या पोत्यात कधीही नाही. प्रयोगशाळेत सामू (पीएच) आणि विद्युतवाहकतेबरोबर विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या, सोडियमची टक्केवारी मागावी. ती १५ च्या वर असेल तरच जिप्समचा विचार. विद्युतवाहकता संपृक्त अर्काची आहे की एकास अडीच पाण्यातल्या द्रावणाची, हे अहवालावर लिहून घ्यावे, कारण दुसरा आकडा बराच लहान येतो आणि जमीन चांगली असल्याचा समज होतो. रानाच्या सर्वांत खोलगट कोपऱ्यात गिरमिटाने दोन मीटरचे भोक पाडून त्यात भोके असलेला पीव्हीसी पाइप उभा करावा, वर झाकण लावावे आणि दर महिन्याला काठीने पाण्याची पातळी मोजून वहीत लिहावी. वरच्या रानाच्या मालकालाही सोबत बोलवावे. त्याची पाळी झाल्यानंतर चार-पाच दिवसांनी केलेली मोजणी त्याने स्वतः पाहिलेली बरी.

आपला,
माती व निचरा तपासणीच्या क्षेत्रातील एक वाचक
कोल्हापूर